कॉटन ग्रीन, एल्फिन्स्टन सर्कल आणि हॉर्निमन उद्यान

मुंबईच्या कोटांत, टाउन हॉलच्या पायऱ्यांसमोर, लोखंडी कठड्यानें वेढलेली एक वर्तुळाकार बाग आहे. तिचें क्षेत्र सुमारें १२,००० चौरस यार्ड, म्हणजे शहराच्या मानानें अगदीं लहान. हिला आज हॉर्निमन सर्कल उद्यान असें म्हणतात. इतिहासाचे अभ्यासक एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयांत जातांना हिच्या कडेनें शेंकडों वेळां गेलेले असतात. आंत शिरून बसणारे मात्र त्यांत थोडे. प्रस्तुत लेखकही याच वर्गांतला. मध्यंतरी एकदां ग्रंथालय उघडण्यास तासाभराचा अवकाश होता, म्हणून निरुपायानें बागेंत जाऊन बसलों. आणि त्या एका तासांत स्वतःची एक जुनी चूक ध्यानांत आली. ती चूक इतरांच्या हातूनही होण्याजोगी असल्यामुळें येथें नमूद करीत आहें.

चूक अशी. पुष्कळ वर्षांपूर्वीं एका संग्राहक मित्रानें आपल्या रुमालांतील एक मोडी पत्र वाचावयास दिलें होतें. पत्र एका पेढीच्या गुमास्त्याचें, देण्याघेण्याचें. आपल्या जुन्या पत्रांत नेहमीं आढळतें त्याप्रमाणें तिथि आणि वार आहे, पण शक नाहीं. त्यांत ‘यलपिष्टन सरकल’ असा उल्लेख आहे. एल्फिन्स्टन म्हटला कीं महाराष्ट्रांतील अभ्यासकाच्या डोळ्यांपुढें एकच पुरुष उभा राहतो. पेशवाईच्या अखेरीस पुण्यास रेसिडेंट असलेला, पुढें १८१९ पासून १८२७ पर्यंत मुंबईचा गव्हर्नर झालेला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, तो हाच. मींही तेंच गृहीत धरलें. तिथि व वार जुळणारें एक वर्ष त्याच्या कारकीर्दीच्या अखेरीजवळ सांपडलें, आणि पत्राच्या पाठीवर पेन्सिलीनें तो अंदाज लिहून दिला. मित्रानें तो तसाच आपल्या यादींत उतरून घेतला. छापील चुकीवर कोणी तरी टीका करतो. हस्तलिखित यादींतील चूक मात्र कोणाच्या दृष्टीस न पडतां पिढ्यान्पिढ्या खरी म्हणून चालत राहते.

आतां जागेकडे वळूं.

इ. स. १६६१ च्या विवाहतहानें मुंबई बेट पोर्तुगालच्या राजाकडून इंग्लंडच्या राजाकडे गेलें; १६६५ त तें प्रत्यक्ष ताब्यांत आलें, आणि १६६८ त वार्षिक दहा पौंड खंडावर कंपनीस मिळालें. बंदराच्या तोंडाशीं पोर्तुगीज अमदानींतील एक वाडा होता. ज्याचा वनौषधींवरील ग्रंथ १५६३ त गोव्यांत छापला गेला, त्या गार्सिया द ओर्ता या वैद्याचा तो वाडा. त्याच्याच भोंवतीं इंग्रजांनीं आपला किल्ला वाढविला. या किल्ल्याच्या पश्चिमेस जी मोकळी जागा राहिली तिला ते ‘ग्रीन’, म्हणजे हिरवळ, म्हणूं लागले. तिच्या पश्चिम कडेस आंजिअरच्या काळीं आरंभ केलेलें देऊळ कैक वर्षें अर्धवट भिंतींच्या अवस्थेंत पडून होतें. रिचर्ड कॉब नांवाच्या धर्मोपदेशकाच्या खटपटीनें तें पुरें झालें आणि १७१८ च्या नाताळाच्या दिवशीं उघडलें. हेंच सेंट टॉमसचें देऊळ. १८३७ त यास कॅथीड्रलचा दर्जा मिळाला. शहरांतील मैलांची मोजणी येथूनच होत असे, आणि कोटाच्या ज्या दरवाजानें या देवळाकडे येत त्या दरवाजास चर्चगेट नांव पडलें. दरवाजा गेल्या शतकाच्याही आधींच्या शतकांत पाडला गेला, जागेवर फ्लोराचें कारंजें आलें, पुढें हुतात्मा चौक झाला; परंतु चर्चगेट हें नांव आगगाडीच्या स्टेशनावर आजही जिवंत आहे. नांवें वस्तूंपेक्षां दीर्घायुषी असतात, या गोष्टीचा उपयोग शेवटीं होईल.

या देवळांत जोनाथन डंकन याची समाधि आहे. १७९५ पासून १८११ पर्यंत तो मुंबईचा गव्हर्नर होता, म्हणजे ३१ डिसेंबर १८०२ चा वसईचा तह त्याच्या अमलांतला. तह झाल्यानंतर दोन महिने होत नाहींत तोंच, १७ फेब्रुवारी १८०३ रोजीं, कोटांत मोठी आग लागून वस्तीचा मोठा भाग जळाला. मराठी राज्याच्या ऱ्हासाच्या कागदांत आपण इतके गढलेले असतों कीं त्याच महिन्यांत मुंबईचें अर्धें शहर जळत होतें हें सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं.

ग्रीनचा खरा धनी कापूस. गुजराथ व काठेवाड येथून गलबतांनीं येणारा कापूस किनाऱ्यावर उतरून या मैदानांत रचला जाई. त्याचे ढीग, गठ्ठे, दलाल, वजनें करणारे आणि हमाल यांनीं जागा भरून जाई. म्हणून तिला ‘कॉटन ग्रीन’ असेंही नांव पडलें. १८४४ त हा बाजार कोटांतून उठवून कुलाब्यास नेण्यांत आला. बाजाराबरोबर नांवही गेलें आणि कुलाब्याचा बाजार कॉटन ग्रीन झाला. पुढें विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत कापसाचा व्यापार तेथूनही निघून शिवडीस गेला. तेथें हार्बर मार्गावर आज त्याच नांवाचें स्टेशन आहे. सारांश, कॉटन ग्रीन हें एकच नांव तीन भिन्न काळीं तीन भिन्न स्थळांस लागलेलें आहे. १८४४ पूर्वीच्या कागदांत तें आलें तर कोटांतील ही जागा समजावी; त्यानंतर कुलाबा; आणि १९२५ नंतर शिवडी. मुंबईच्या व्यापाऱ्यांचे कागद ज्यांच्या संग्रहीं आहेत त्यांनीं या एका शब्दाकरितां आपले रुमाल पुन्हां चाळून पाहावे, अशी विनंति आहे. मोडी लिहिणारे गुमास्ते इंग्रजी नांवें कानांवर जशीं पडत तशीं लिहीत, म्हणून शोध घेतांना एकाच वर्णविन्यासावर भरंवसा ठेवूं नये.

कापूस गेला तरी मैदानांत एक वस्तु राहिली, ती म्हणजे लॉर्ड कॉर्नवॉलिसचा पुतळा. मुंबईच्या व्यापाऱ्यांनीं वर्गणी करून तो आणविला आणि त्यावर घुमटी उभारली. हा कॉर्नवॉलिस आपल्या अभ्यासकांस परका नाहीं. १७८१ त अमेरिकेंत यॉर्कटाउन येथें शरण गेलेला हा सेनापति पुढें हिंदुस्थानांत गव्हर्नर जनरल होऊन आला, आणि टिपूवरील मोहिमेंत हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांचा सहकारी झाला. धारवाडच्या वेढ्यांत भाऊंबरोबर असलेली कॅप्टन लिटलची पलटण मुंबईहूनच गेलेली होती. या मोहिमेसंबंधाचीं पटवर्धन दप्तरांतील पत्रें वासुदेवशास्त्री खरे यांनीं प्रसिद्ध केलेलीं आहेत व तीं सर्वांस परिचित आहेत. मार्च १७९२ च्या श्रीरंगपट्टणच्या तहानें मोहीम संपली. १८०५ त कॉर्नवॉलिस गाझीपुरास मरण पावला, त्यानंतरचा हा पुतळा.

मौज अशी कीं, घुमटीखालीं बसविलेली ही दगडी मूर्ति पाहून लोकांनीं ती देव ठरविली. ते तिला फुलें वाहूं लागले. जवळच्या कॅथीड्रलास ‘मोठें देऊळ’ आणि या घुमटीस ‘छोटें देऊळ’ असें म्हणत, अशी नोंद मुंबईच्या जुन्या वर्णनांतून आढळते. हा पुतळा देव नव्हे असें सरकारनें समजावण्याचा यत्न केला, तो फोल गेला. इंग्रज लेखक ही हकीकत हसण्यावारी नेतात. मला तींत हसण्यासारखें फार दिसत नाहीं. चौथरा, घुमटी आणि आंत मूर्ति, एवढ्या खुणा एकत्र आल्यावर आपल्या लोकांनीं तिला दुसरें काय समजावें? ज्यांनीं ती उभारली त्यांचाही हेतु पूजेहून फार निराळा नव्हता. प्रस्तुत पुतळा आज या ठिकाणीं नाहीं. १९६० नंतरच्या दशकांत मुंबईच्या चौकांतून इंग्रजी अमलांतील पुतळे हलविले गेले, तेव्हांपासून तो भायखळ्यास डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारांत आहे. तेथें त्याला फुलें वाहणारा कोणी मला दिसला नाहीं.

आतां चुकीच्या मुळाशीं येऊं. १८४४ त बाजार उठल्यावर ग्रीन उजाड झालें. केरकचरा व इमारतींचा मलबा टाकण्याची जागा, अशी त्याची स्थिति झाली. या जागेचें वर्तुळ करून भोंवतीं एकाच धर्तीच्या इमारती बांधाव्या ही कल्पना पोलीस कमिशनर चार्ल्स फोर्जेट याची. हा गृहस्थ हिंदुस्थानांतच वाढलेला, येथील भाषा उत्तम बोलणारा, वेष पालटून वस्तींत हिंडणारा. १८५७ च्या ऑक्टोबरांत मुंबईच्या पलटणींतील कट त्यानें उघडकीस आणला, व दोन शिपायांस एस्प्लनेडवर तोफेच्या तोंडीं देण्यांत आलें. कोटांतील ही शोभिवंत बाग आणि मैदानावरील तें भीषण कृत्य, दोहोंमागें एकच माणूस आहे, हें बागेंत बसलेल्या कोणास ठाऊक असतें?

त्या वेळचा गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन. याचें नांव जॉन, तेरावा लॉर्ड एल्फिन्स्टन. कारकीर्द १८५३ पासून १८६० पर्यंत. माउंटस्टुअर्टचा हा पुतण्या. चुलता नोव्हेंबर १८५९ त वारला आणि पुतण्या जुलै १८६० त, म्हणजे दोघांच्या मृत्यूंत आठ महिन्यांचेंच अंतर. एकाच घराण्यांतले, एकाच इलाख्याचे गव्हर्नर आणि एकापाठोपाठ गेलेले. मग घोटाळा न होईल तरच नवल. फोर्जेटच्या योजनेस या पुतण्यानें उचलून धरलें. त्याच्या मागून आलेल्या सर बार्टल फ्रियरनें ती तडीस नेली. आणि वर्तुळास नांव दिलें तें पुतण्याचें. एल्फिन्स्टन कॉलेज चुलत्याच्या नांवानें; एल्फिन्स्टन सर्कल आणि एल्फिन्स्टन रोड (ज्यावरील स्टेशनास २०१८ त प्रभादेवी नांव मिळालें) हीं पुतण्याच्या नांवानें. टाउन हॉलच्या इमारतींत दोघांचेही पुतळे आहेत. चुलत्याचा चँट्रीनें घडविला, पुतण्याचा फोलीनें. ज्यास दोघांतला भेद एकदां कायमचा मनावर ठसवून घ्यावयाचा असेल त्यानें तीस पायऱ्या चढून जाऊन दोन्ही पुतळे एका दिवशीं पाहावे. मी इतकीं वर्षें त्यांच्या अंगावरून पोथ्यांकडे धांवत गेलों, हाच माझा दोष.

म्युनिसिपालिटीनें जागा घेऊन, तिचे तुकडे पाडून, इमारतींचा दर्शनी भाग एकसारखा ठेवण्याच्या अटीनें ते पेढ्यांस विकले, व त्यांत तिला चांगला नफा झाला. तो काळच तसा होता. १८६१ त अमेरिकेंत यादवी सुरू होऊन तेथील कापूस विलायतेस जाण्याचा बंद झाला, आणि मुंबईच्या कापसास सोन्याचा भाव आला. १८६२ पासून कोटाच्या भिंती पडूं लागल्या. गोविंद नारायण माडगांवकर यांचें ‘मुंबईचें वर्णन’ १८६३ त प्रसिद्ध झालें, तें नेमकें या संधिकालांतलें आहे. जुनी मुंबई पुरती गेली नव्हती आणि नवी पुरती झाली नव्हती, अशा क्षणीं तिच्याच भाषेंतला एक डोळस लेखक तिची नोंद करीत होता, हें आपलें भाग्य. १८६५ त अमेरिकेंतील लढाई थांबतांच भाव कोसळले, कंपन्या बुडाल्या, भलेभले दिवाळखोर झाले. तथापि सर्कलचें काम उभें राहिलें होतें. ज्या मैदानांतून कापसाचे गठ्ठे १८४४ त हांकून दिले, त्याच मैदानांत वीस वर्षांनीं कापसाचा पैसा दगडी कमानी होऊन परत आला, असें म्हणावयास हरकत नाहीं. बाग १८७२ त पुरी झाली. भायखळ्याचें संग्रहालय उघडलें तें वर्षही हेंच.

आज आंत गेल्यावर प्रथम जाणवते ती सांवली. बाहेर बँका, मोटारी आणि हातांत फायली घेतलेली माणसें. आंत मोठे जुने वृक्ष, वर्तुळास धरून गेलेल्या पाउलवाटा, बांकांवर डबा सोडून बसलेले कारकून आणि दुपारची डुलकी घेणारे निरोपे. मध्यभागीं पूर्वीं नक्षीदार ओतीव लोखंडी कारंजें होतें. तें आतां नाहीं. संध्याकाळीं येथें बँड वाजे आणि पारशी मंडळी सहकुटुंब ऐकावयास जमे. भोंवतालच्या कमानींच्या मध्यशिलांवर कोरलेले मुखवटे आहेत, ते रस्त्यावरून जातां दिसत नाहींत. बागेंतल्या बांकावर बसून मान वर केली तर दिसतात. बागेचा आकार मात्र सर्व सांगतो. पूर्वेस टाउन हॉल, पश्चिमेस देऊळ, आणि त्यांच्या मधोमध हें वर्तुळ. देवळापासून किल्ल्यापर्यंतची जी मोकळी जागा सतराव्या शतकांत होती, तिचाच हा उरलेला गाभा. इमारतीस पाया असतो, शिलालेख असतो, नकाशावर रेघ असते. मोकळ्या जागेस सनद कोण देतो? म्हणून तिचा इतिहास तिच्या नांवांतच शोधावा लागतो.

टाउन हॉलविषयीं विस्तार करीत नाहीं. सोडत काढून पैसा जमविण्याच्या खटपटीपासून १८३३ त इमारत पुरी होईपर्यंतची कथा अनेकांनीं सांगितली आहे. एवढेंच स्मरतों कीं, १८०४ त स्थापन झालेल्या ज्या मंडळीचें ग्रंथालय येथें आहे, तिच्या पत्रिकेंत बाळशास्त्री जांभेकरांनीं ताम्रपट व शिलालेख प्रसिद्ध केले, भाऊ दाजींनीं अजिंठ्याच्या लेखांची चर्चा केली, आणि १८८२ त भगवानलाल इंद्रजींना सोपाऱ्याच्या स्तूपांत सांपडलेल्या वस्तु याच छताखालीं आल्या. या पुरुषांच्या कामाच्या दिवसांत समोरचें मैदान प्रथम ओसाड आणि मागाहून बाग झालें, तें त्यांनीं पायऱ्यांवरून रोज पाहिलें असेल.

स्वराज्य आल्यावर सर्कलास बेंजामिन गाय हॉर्निमन याचें नांव देण्यांत आलें. हा जातीनें इंग्रज. फेरोजशहा मेथा यांनीं १९१३ त काढलेल्या ‘बाँबे क्रॉनिकल’चा हा संपादक. पंजाबांतील अत्याचारांविषयीं निर्भयपणें लिहिल्याबद्दल सरकारनें एप्रिल १९१९ त त्याला हद्दपार करून बोटीवर चढविलें. १९२६ त तो परत आला, आणि ऑक्टोबर १९४८ त त्याचा अंत झाला. वृत्तपत्रकाराचें नांव या जागेस शोभतें. कारण १८२२ पासून अखंड चालत आलेल्या ‘मुंबई समाचार’ पत्राची तांबडी इमारत येथून हांकेच्या अंतरावर आहे. परंतु एक गव्हर्नर पुसला गेला तेव्हां त्याच्याबरोबर चुलत्यापुतण्यांतला भेद दाखविणारी एक खूणही पुसली गेली, हें संशोधकाच्या दृष्टीनें खरें. नांव बदलूं नये असें माझें म्हणणें मुळींच नाहीं; बदललेल्या नांवाची तारीख यादी करणारानें आपल्यापाशीं टिपून ठेवावी, इतकेंच.

या सर्वांवरून कालनिर्णयाचा जो नियम निघतो तो असा. सर्कलचा उल्लेख असलेला कागद १८६० पूर्वीचा असूं शकत नाहीं. ही पूर्वमर्यादा भक्कम आहे, कारण जी वस्तु अस्तित्वांत नाहीं तिचें नांव कोणी लिहीत नाहीं. उत्तरमर्यादा मात्र तितकी भक्कम नाहीं. सरकारनें नांव बदललें म्हणून लोकांची जीभ त्या दिवशीं बदलत नाहीं. चर्चगेटचा दरवाजा पडून दीडशें वर्षें लोटलीं तरी आपण चर्चगेटासच उतरतों. तेव्हां ‘एल्फिन्स्टन सर्कल’ हें नांव १९४७ नंतरच्या खाजगी पत्रांतही सांपडलें तर आश्चर्य मानूं नये. ‘ग्रीन’ या नांवासही हाच न्याय लावावा.

माझ्या मित्राच्या पत्राचें काय? तिथि व वार जुळतात या आधारावर मीं जें वर्ष पसंत केलें होतें तें बाद झालें. मुळांत तो आधारच दुबळा होता. एकाच तिथीस तोच वार सरासरी सात वर्षांतून एकदां येतोच, त्यामुळें मनांत जें वर्ष असेल त्याच्या आसपास जुळणारें एखादें वर्ष बहुधा मिळतें. पिल्ले यांच्या एफेमेरिसवरून १८६० नंतरचीं जुळणारीं वर्षें आतां काढलीं आहेत. तीं अनेक निघतात. त्यांतून निवड करण्यास कागदांतील जलचिन्ह उपयोगी पडेल असें वाटून मित्रास तसें लिहिलें, आणि यादींतील पेन्सिलीची नोंद खोडून ‘सर्कल बांधल्यानंतरचें, शक अनिश्चित’ इतकेंच लिहावें अशी विनंति केली. नोंद त्यांनीं तत्काळ दुरुस्त केली. जलचिन्हाबद्दल मात्र त्यांचें उत्तर असें आलें कीं, पत्र जीर्ण होऊं नये म्हणून त्यांच्या वडिलांनीं तें पूर्वींच जाड पुठ्ठ्यावर खळीनें चिकटवून ठेवलें आहे.